गुलमर्गचा पहिला उतार : मुलांसह स्कीइंगची छोटी सहल

गुलमर्गमध्ये स्कीइंग दोन ठिकाणी चालते. एक जागा फोटोंतली: गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, सुमारे ३,१०० मीटरवरच्या कोंगडोरीला आणि तिथून पुढे अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जायचे आणि भुसभुशीत ताज्या बर्फातून खाली यायचे. दुसरी जागा गावातच, २,६५० मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात त्या मैदानाच्या बाजूचे, दुरून सपाटच वाटणारे उतार. तेरा ते अठरा वर्षांची मुले पहिल्यांदा स्कीवर उभी राहणार असतील तर त्यांचे जवळजवळ सगळे दिवस या दुसऱ्या जागी जातात, आणि ते तिथेच जायला हवेत. सहल आखताना एवढे मान्य केले की दिवस, पैसे, मुक्काम आणि शिक्षक यांचे हिशेब सोपे होतात. मुलांनाही हे घरीच सांगितलेले बरे. विमानात बसेपर्यंत त्यांनी कड्यांवरून उड्या मारणाऱ्यांचे शंभरएक व्हिडिओ पाहिलेले असतात.

भारतात नवशिक्यांसमोर प्रामुख्याने तीन पर्याय येतात: गुलमर्ग, औली आणि सोलंग. उत्तराखंडमधल्या औलीचा उतार शिकायला चांगला आहे, समोर नंदादेवी दिसते, आणि गढवाल मंडल विकास निगमाचे सात व चौदा दिवसांचे अभ्यासक्रम तिथे अनेक वर्षे चालत आले आहेत. अडचण पोहोचण्याची आहे. ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता, म्हणजे जायला एक दिवस आणि यायला एक. जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर थांबवावा लागला. शिवाय अलीकडच्या काही हिवाळ्यांत तिथे बर्फाने वाट पाहायला लावली आहे. मनालीजवळच्या सोलंगला बर्फ असला तरी उतार छोटा, आणि त्यावर टायरट्यूब, स्नो-स्कूटर आणि फोटोवाले यांची एवढी दाटी असते की शिकणाऱ्याला सरळ रेषा मिळत नाही. मूल एकटेच पाठवायचे असेल आणि वेळ असेल तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था किंवा गुलमर्गचीच भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था यांचे ठरलेल्या तारखांचे निवासी अभ्यासक्रम सर्वांत उत्तम. तिथे शिस्तही मिळते आणि समवयस्कही. आईवडील, दोन मुले आणि हाताशी एक आठवडा, असा हिशेब असेल तर मुंबईहून थेट विमान असलेले श्रीनगर आणि तिथून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे गुलमर्ग हेच सोयीचे.

तारखा ठरवताना काश्मीरचा हिवाळा आणि महाराष्ट्रातल्या शाळा यांचा मेळ घालावा लागतो. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याची थंडी. नाताळच्या सुट्टीत जाण्याचा मोह होतो, पण तेव्हा बर्फाचा थर अनेकदा पातळच असतो आणि गर्दी मात्र सर्वाधिक. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थर साधारण बसलेला असतो. नेमक्या याच काळात बारावीची आणि पाठोपाठ दहावीची परीक्षा येते. त्यामुळे ही सहल आठवी, नववी किंवा अकरावीच्या वर्षाची आहे. शाळेला पाच-सहा दिवसांची दांडी पडणार हे गृहीत धरून वर्गशिक्षकांशी आधी बोलून ठेवावे. हमी मात्र कोणत्याच तारखेला नाही. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्ग तपकिरी आणि कोरडे होते; बर्फ आला तो महिना संपता संपता. म्हणून तारीख बदलता येईल असे विमानाचे तिकीट आणि रद्द करता येईल असे हॉटेल यांसाठी थोडे जास्त पैसे मोजणे हा खर्च वाया जात नाही.

एकूण सात दिवस लागतात, त्यांतले चार पूर्ण दिवस बर्फावर. यापेक्षा कमी दिवसांत काय होते ते पाहण्यासारखे आहे. पहिला दिवस बूट, पडणे आणि उठणे यांत जातो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते आणि बहुतेक मुलांना हे आपल्याला जमणार नाही असे वाटते. तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी वळण सापडते, आणि चौथा दिवस निव्वळ आनंदाचा. दोन दिवसांची सहल करणारा मुलगा म्हणून नेमका नकोशा टप्प्यावरून घरी परततो. उरलेल्या तीन दिवसांपैकी एक जाण्याचा, एक येण्याचा आणि एक हवामानासाठी राखलेला. धुके किंवा हिमवर्षावामुळे श्रीनगरची विमाने रद्द होणे ही हिवाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. राखीव दिवस वापरावा लागला नाही तर श्रीनगरात दाल सरोवर आहेच. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने विमान रद्द झाल्यास दुसरी वाट उपलब्ध आहे. निघण्यापूर्वी आणि तिथे असतानाही प्रशासनाच्या सुरक्षाविषयक सूचना पाहाव्यात. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर खोऱ्यातली काही पर्यटनस्थळे बंद ठेवली गेली होती.

श्रीनगरहून निघालेली गाडी बर्फ पडलेला असेल तर बहुधा टंगमर्गलाच थांबते. वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीने जायचे असतात, आणि त्याचे पैसे वेगळे. हे माहीत नसलेला प्रवासी रस्त्याच्या कडेला आपल्याला लुबाडले जात आहे अशा समजुतीने वाद घालतो. टंगमर्गलाच ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने देणारे गाडीभोवती गोळा होतात. स्कीइंगसाठी या दोन्हींचा उपयोग शून्य. आणखी एक बारीक गोष्ट: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. मुलांचे फोन बहुधा प्रीपेडच असतात. निदान एका मोठ्या माणसाचा फोन पोस्टपेड हवा, आणि चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ती जागा रोज सकाळी ठरवून घ्यावी.

हॉटेल निवडताना खिडकीतल्या देखाव्यापेक्षा उतारापर्यंतचे अंतर पाहावे. स्कीबूट घालून, खांद्यावर स्की घेऊन बर्फातून पाऊण किलोमीटर चालले की सकाळची निम्मी ताकद संपते. दुसरा प्रश्न विचारायचा तो ओल्या कपड्यांचा: हातमोजे आणि बुटांची आतली अस्तरे रात्री कुठे वाळवता येतात? खोलीत बुखारी (काश्मिरी शेगडी) असेल तर काम होते, पण लाकडाची किंवा कोळशाची बुखारी पेटती ठेवून बंद खोलीत झोपणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपण्यापूर्वी ती विझवून घ्यावी, हवा खेळती राहील एवढी खिडकी उघडी ठेवावी, आणि रात्रीच्या उबेसाठी विजेच्या गाद्या असलेले हॉटेल शोधावे. गुलमर्गच्या बऱ्याच हॉटेलांत त्या असतात.

शिक्षकावर मात्र काटकसर करू नये. गुलमर्गच्या रस्त्यावर स्लेजवाले, घोडेवाले, गाइड आणि स्की-इन्स्ट्रक्टर असे सगळेच ‘शिकवतो’ म्हणतात. स्लेज ओढणाराही दोन तास मुलाचा हात धरून त्याला उतारावरून खाली आणील. त्याला स्कीइंग शिकणे म्हणत नाहीत. शिक्षकाने कोणत्या संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, नोंदणी आहे का, आणि चारही दिवस तोच येणार का, हे तीन प्रश्न विचारावेत. पैसे दिवसाचे की तासाचे, त्यांत साहित्य आणि लिफ्ट धरली आहे का, हे आदल्या संध्याकाळी बोलून घ्यावे. बर्फावर उभे राहून केलेली घासाघीस कुणालाच शोभत नाही. एका शिक्षकामागे तीन-चार मुलांहून जास्त नकोत. दोन कुटुंबे एकत्र गेली तर मुलांचा एक गट होतो, आणि ही सगळ्यांत चांगली व्यवस्था. या वयात मुले आईवडिलांच्या देखत पडायला लाजतात, मित्रांसोबत मात्र खुशाल पडतात. आईवडिलांनी शिकायचेच असेल तर वेगळा शिक्षक घ्यावा आणि दुसऱ्या कडेला शिकावे. चौदा वर्षांची मुलगी बापापेक्षा लवकर शिकते, हे बापाने आधीच पचवून ठेवलेले बरे.

साहित्य तिथेच भाड्याने मिळते, विकत घेण्याचे कारण नाही. मुलांची पावले पुढच्या वर्षी मोठी झालेली असतात. पण दुकानात निदान एक तास द्यायला हवा. सगळ्यांत महत्त्वाचा बूट. त्याचे माप सेंटीमीटरमध्ये असते, म्हणून घरीच भिंतीला टाच टेकवून पावलाची लांबी मोजून लिहून न्यावी. बूट चढवल्यावर टाच दोन-तीनदा जमिनीवर मागे आपटायची, मग बकला खालून वर लावायच्या. ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे किंचित टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की तो मागे सरकला पाहिजे. टाच आत वर-खाली होत असेल तर बूट मोठा आहे. सैल बुटात मुलाला बरे वाटते, म्हणून तो तेच मागतो, आणि मग दिवसभर स्की त्याचे ऐकत नाही. मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की घडी पडते, रक्त अडते आणि पाय उलट गार पडतात. थर्मलची तुमानही बुटाच्या आत खोचायची नाही, वरच संपवायची.

स्की उभी धरली असता नवशिक्याच्या हनुवटीच्या आसपास यावी. बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारी खिटी. पडताना ती सुटायला हवी, आणि किती जोराने सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून बसवतात. आधीच्या ऐंशी किलोच्या गिऱ्हाइकाची खिटी तशीच पन्नास किलोच्या मुलीला दिली, तर ती पडताना सुटत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. तेव्हा दुकानदाराला आपल्यासमोर खिटी बसवायला लावावी. मैत्रिणींच्या घोळक्यात खरे वजन सांगायला मुली कचरतात आणि मुले फुगवून सांगतात. चिठ्ठीवर लिहून दिले की प्रश्न मिटतो. हेल्मेट सक्तीचे समजावे. चष्मा असलेल्यांनी चष्म्यावर बसणारा गॉगल आहे का ते आधी पाहावे.

कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवावेत. पहिल्या पंधरा मिनिटांतच मूल दहा वेळा बर्फात बसते, सुती कापड ओले होते आणि मग वाळत नाही. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारे जाकीट आणि तशीच पँट. स्की शिकताना घाम भरपूर येतो. आईने आग्रहाने चढवलेला चौथा थर अकरा वाजता कमरेला बांधलेला दिसतो. हातमोज्यांचे दोन जोड मात्र हवेतच. बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावायचे, ढगाळ दिवशीसुद्धा. ओठांसाठी मलम खिशात ठेवावे. मुलींनी पाळीचे साहित्य मुंबई-पुण्याहूनच न्यावे, आणि दम्याचा पंप बॅगेत न ठेवता जाकिटाच्या आतल्या खिशात.

पहिल्या सकाळी लिफ्ट लागत नाही. शिक्षक आधी एकाच पायाला स्की लावून सपाटीवर चालवतो, मग दोन्ही लावून उताराला आडवे उभे राहून पायरी-पायरीने वर चढवतो. वीस पावले चढायची, दहा सेकंद घसरायचे. घसरताना स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकलेली; याला तिथे सगळे ‘पिझ्झा’ म्हणतात. पाचर जेवढी रुंद तेवढा ब्रेक जास्त. नवशिक्या घाबरला की अंग मागे टाकतो, आणि मागे झुकले की स्कीची पुढची टोके हलकी होऊन वेग वाढतो. उपाय अगदी उलटा वाटतो: भीती वाटली की नडग्या पुढे दाबायच्या. हे पन्नास वेळा ऐकूनही अंगात उतरायला दोन दिवस लागतात, आणि त्याला दुसरी युक्ती नाही.

पडणेही शिकावे लागते. तोल गेला तर बाजूला, कुल्ल्यावर पडायचे, हात मागे टेकवायचा नाही. उठताना घाई करणारे मूल स्की उताराच्या दिशेने ठेवून उठते आणि पुन्हा घसरते. आधी पाठीवर लोळून दोन्ही स्की उताराला आडव्या, अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या. मग कड बर्फात रुतवून, हात वरच्या बाजूला टेकून उठायचे. शिक्षक पोलच्या, म्हणजे हातातल्या काठ्यांच्या, पट्ट्या मनगटात अडकवू देत नसेल तर त्याचे ऐकावे, कारण पडताना पोल हातात अडकला की अंगठ्याचा सांधा ताणला जातो.

स्कीवर उभ्यानेच वर ओढून नेणाऱ्या ओढलिफ्टवर बहुतेक सगळे पहिल्यांदा पडतात. दांडा मांड्यांमागे आला की खुर्ची समजून बसायचे नाही. उभेच राहायचे आणि ओढून घ्यायचे. पडल्यास दांडा सोडून लगेच बाजूला सरकायचे, मागून पुढचा येत असतो. उतारावरचे दोन नियम मुलांना पाठ हवेत: खाली असलेल्याचा हक्क आधी, आणि थांबायचे तर कडेला.

तिसऱ्या दिवशी मुलांना वळता येऊ लागते, आणि त्याच दिवशी ती वर जायचे म्हणतात. इथे ठाम राहावे लागते. गोंडोलाने केवळ पाहायला जाणे आणि गोंडोलानेच परतणे यात अडचण नाही. तिकीट जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरून आधी काढावे, हंगामात ते लवकर संपते, आणि वाऱ्याच्या दिवशी गोंडोला बंदही असतो. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर उंचीमुळे डोके दुखू लागले तर खाली उतरायचे, धीर धरत बसायचे नाही. कोंगडोरीहून स्कीवर खाली यायचे की नाही हे शिक्षकाने ठरवावे, मुलाने किंवा त्याच्या बापाने नव्हे. चार दिवसांत बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच असते. अफरवटचे उतार आणि आखलेल्या पट्ट्याबाहेरचा बर्फ यांचा तर विचारही नको. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत खिलनमर्ग भागात एक रशियन. ते नवशिके नव्हते. स्नोबोर्ड हवाच असा हट्ट असेल तर तो पुढच्या सहलीवर ढकलावा: बोर्डचे पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ बसूनच जातात आणि मनगटे दुखावतात, चार दिवसांच्या सहलीला ते परवडत नाही.

दिवसाची आखणी सकाळी अडीच तास आणि दुपारी दीड तास एवढीच ठेवावी. अपघात दुपारनंतर होतात, पाय थकलेले असताना आणि ‘एकदाच, शेवटचं’ असे म्हटल्यावर. थंडीत तहान कळत नाही, म्हणून कोमट पाणी समोर धरावे लागते. मुलांची भूक मात्र विचारावी लागत नाही. राजमा-भात, अंडी, कहवा मिळतो, आणि दशम्या, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू घरून नेलेले दोन दिवसांत संपतात. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर काखेत धरून ऊब द्यावी. चोळायची नाहीत, बुखारीलाही लावायची नाहीत. मोठ्या रुग्णालयासाठी श्रीनगर गाठावे लागते. त्यामुळे विमा काढताना स्कीइंग त्यात धरले आहे का हे कागदावर वाचूनच सही करावी. अनेक प्रवासविमे साहसी खेळ वगळतात.

या सगळ्याची तयारी निघण्याच्या सहा आठवडे आधी घरी सुरू होते. सह्याद्रीत गड चढणाऱ्या मुलांचा दमसास चांगला असतो, पण स्कीइंगमध्ये मांड्यांना अर्धवट वाकलेल्या स्थितीत तग धरावा लागतो. रोज उठाबशा, भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीत मिनिटभर बसणे, आणि इमारतीचे जिने चढण्याबरोबर सावकाश उतरणे एवढे पुरते. रोलर स्केटिंग येणाऱ्यांना वळण अर्धा दिवस आधी सापडते.

गुलमर्गमधल्या शेवटच्या दिवशी सकाळी दोन तास स्की करून साहित्य परत द्यावे. दुकानदार ओळखपत्र तारण मागतो. मूळ आधारकार्ड न देता छायाप्रत किंवा रोख अनामत द्यावी, आणि पहिल्या दिवशी काढलेला स्कीच्या ओरखड्यांचा फोटो या वेळी हाताशी ठेवावा. दुपारी अंधार पडण्याआधी टंगमर्गचा रस्ता उतरून रात्र श्रीनगरला काढावी. विमानतळावर तपासणी अनेक टप्प्यांत होते, तीन तास आधी पोहोचावे लागते. ओले हातमोजे आणि मोजे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचे आणि मुंबईत उतरल्यावर लगेच उघडायचे.